मदत हवी आहे: एकाच अणूच्या साखळीची 'जाडी' किती धरायची?

नमस्कार मंडळी. कार्बाइनवर, म्हणजे कार्बन अणूंच्या एकेरी साखळीवर, सेमिनार द्यायचा आहे आणि एका आकड्यावर गाडी अडली आहे.

ग्राफीनचं, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या थराचं, ठीक आहे. थराची जाडी 0.335 नॅनोमीटर धरली की यंग गुणांक (ताणाला विरोध करणारा ताठपणा; तो काढताना बळाला छेदाच्या क्षेत्रफळाने भागावं लागतं, म्हणून जाडी हवी) साधारण 1 टेरापास्कल येतो. कार्बाइनसाठी मात्र 2013 च्या राइस विद्यापीठाच्या सैद्धांतिक अभ्यासात तो थेट 32.7 टेरापास्कल दिलाय! नीट वाचलं तर तिथे साखळीचा व्यास जेमतेम 0.077 नॅनोमीटर धरलाय. मी गंमत म्हणून व्यास 0.335 धरून पाहिला, तर उत्तर 1.7 च्या आसपास आलं. म्हणजे ताठपणा साखळीचा की गृहीतकाचा?

मग तुलना क्षेत्रफळ न वापरता, वस्तुमानाच्या हिशेबाने करावी का? तशीही कार्बाइनचा विशिष्ट ताठपणा (घनतेने भागलेला ताठपणा) ग्राफीनच्या दुपटीहून जास्त येतो, पण 32 पट नाही. की साखळी तुटायला लागणारं बळ, सुमारे 10 नॅनोन्यूटन, एवढंच सांगणं प्रामाणिक ठरेल?

आणखी एक. व्हिएन्नात 2016 मध्ये 6000 हून अधिक अणूंची साखळी दुहेरी भिंतीच्या नॅनोनळीत (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीत) बनवली. नळीत अडकलेली असताना तिची एकटीची ताकद मोजता येते का? रामन वर्णपटावरून (विखुरलेल्या प्रकाशातून अणूंची कंपनं दाखवणाऱ्या नोंदीवरून) काही अंदाज बांधतात का?

या विषयात काम केलेल्यांनी कृपया सांगा. सूत्रं चालतील, घाबरत नाही.