बाळ सहा दिवसांचं, मुलगा की मुलगी ठरत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. बालरोगतज्ज्ञ नाही. ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

जन्माचं वजन २.८ किलो, आज २.६. शिश्नासारखा भाग मोठा, खालची कातडी पिशवीसारखी जुळलेली आणि काळसर, पण दोन्ही बाजूंना वृषणाची गोळी हाताला लागत नाही. सोनोग्राफीवाले आठवड्यातून एकदाच येतात. नशिबानं काल त्यांचा वार होता. गर्भाशय दिसलं. म्हणून संशय सीएएचचा, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात दोषाचा.

धडकी भरली ती केसपेपर लिहिताना. आईवडील आते-मामेभावंडं. पहिला मुलगा अठराव्या दिवशी 'उलट्या-जुलाबानं' गेला. मुलग्यात हा आजार बाहेरून सहसा ओळखूच येत नाही. अंगातलं मीठ ढासळतं तेही साधारण दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ऐन बारशाच्या सुमाराला!

आजीचं एकच, "डॉक्टर, पोरगा हाय का पोरगी, एवढं सांगा की. बाराव्याला पावणं येत्यात." सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, जायला तयार नाहीत, गावभर होईल म्हणून. एका सीनियरांना फोन केला तर म्हणाले, "मुलगा लिहून टाक, पुढं ऑपरेशन करतील." मी लिहिलं नाही. नोंदणीला २१ दिवस आहेत, नाव नंतरही घालता येतं. आणि बाळावर अशी ऑपरेशनं करण्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्येच निकाल दिलाय. तो तमिळनाडूपुरता, पण विचार करायला लावणारा.

सोडियम १३२, म्हणजे थोडं कमी; पोटॅशियम ६.४, म्हणजे जास्त. रक्त टाचेतून काढलं होतं; पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं, त्यामुळं विश्वास किती ठेवू? १७-ओएचपीचा (सीएएच ओळखायच्या हार्मोनचा) नमुना शहरातल्या लॅबला जाणार, रिपोर्टला दिवस लागणार. तोवर हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे ही ग्रंथी पुरेसं बनवत नाही ते हार्मोन, औषध म्हणून सुरू करू का? गोळी १० मिलिग्रॅमची, बाळाला लागणार एकेक मिलिग्रॅम. पुड्या कशा बांधायच्या?

प्रतिसाद (बालरोगतज्ज्ञ): शिरेतून पुन्हा रक्त घ्या, त्यातच १७-ओएचपीचा नमुना काढून ठेवा, मगच पहिला डोस. रिपोर्टची वाट बघू नका. साखर आत्ता तपासा. उलटी झाली, बाळ मलूल झालं, तर हायड्रोकॉर्टिसोन २५ मिलिग्रॅम इंजेक्शन आणि सलाईन लगेच. फ्लुड्रोकॉर्टिसोन (अंगात मीठ धरून ठेवणारं औषध) आणि मीठही लागेल, ते वरच्या दवाखान्यात ठरवू द्या. गोळी पाण्यात घोळून बाटलीत भरू नका, औषध तळाला बसतं. कोरडी खलून, सारखे दहा भाग करून पुड्या. ऐनवेळी चमचाभर दुधात. पण हे तात्पुरतं. बाळ हलवाच. आजीला मुलगा-मुलगी सांगत बसू नका, आधीच्या नातवाचं सांगा.

धागाकर्ता: साखर ५८. शिरेतल्या रक्तात पोटॅशियम ६.६, म्हणजे खरंच वाढलंय. पहिला डोस दिला. आजीला बाजूला घेऊन सांगितलं. बराच वेळ गप्प होत्या. मग "त्यालाबी ह्येच असंल का?" एवढंच विचारलं. म्हटलं, असू शकेल, आता खात्रीनं सांगता येणार नाही. पिशवी भरली आणि १०८ मध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या. चिठ्ठीवर लिंगाचा रकाना कोराच ठेवलाय, वर लाल पेननं 'सीएएच संशयित, डोस चुकवू नये' लिहिलंय. उद्या फोन करून कळवतो.