मदत हवी आहे: समाजासाठी काम करणारा माजी विद्यार्थी निवडायचा कसा?

मंडळी नमस्कार, आमच्या एमबीए कॉलेजच्या माजी विद्यार्थी कमिटीत मला ओढलंय आणि यंदा समाजासाठी काही केलेल्या माणसाचा सत्कार करायचं ठरलंय. आता गंमत बघा, आलेले निम्मे अर्ज पॅकेज नि प्रमोशनचेच! एकानं तर रंकाळ्यावर झाडू धरलेला फोटो लावलाय, झाडू कोरा करकरीत.

एक जण मात्र मनात बसलाय, त्यानं स्वतः अर्जच केला नाही. कोल्हापूरच्या सुभाषनगरात चप्पल करणाऱ्या बायकांना वहीत हिशोब लिहायला शिकवतो, चामडं किती, वेणी घालायला वेळ किती, स्वतःची मजुरी किती. मजुरी हा कॉलम त्यांनी आधी कधी धरलाच नव्हता ओ! २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं पण दर सांगताना घाबरायच्याच.

आता कमिटी म्हणते आकडा दाखवा, किती लोकांना फायदा. पन्नास वह्यांपुढं पाच हजार वाटलेल्या छत्र्या जिंकणार की!

कुणी असली निवड केलीय का? मार्क कशाला द्यायचे, आणि त्या बायकांना त्रास न देता खात्री कशी करायची? फॉरमॅट असेल तर पाठवा, रविवारी मीटिंग आहे.