भुईवरच्या पालीला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ : नाशिकच्या शाळांसाठी सह्याद्रीतल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा मराठी तक्ता करतोय. एका जातीवर गाडी अडली आहे. शास्त्रीय नाव सर्टोडॅक्टिलस डेक्कनेन्सिस. पावसाळ्यात इगतपुरीकडे दगडाखाली दिसली. तांबूस तपकिरी अंग, त्यावर फिकट पिवळसर आडवे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला काळी किनार. जमिनीवरच वावरते. ‘पाल’ लिहिलं की पोरांच्या डोळ्यांपुढे ट्यूबलाइटमागची पांढुरकी पाल येते. सोबतचा एक गाववाला फोटो बघून ‘विषखोपरा’ म्हणाला. काय लिहू?

मखमलाबादकर : विषखोपरा अजिबात लिहू नका. हा हिंदीतल्या बिसखोपऱ्याचा भाऊ. हिंदी पट्ट्यात घोरपडीच्या पिल्लालाही तेच म्हणतात आणि बिबटी पालीलाही (लेपर्ड गेको). म्हणजे ते जातीचं नाव नाही, भीतीचं नाव आहे. आपल्याकडच्या एकाही पालीला विष नाही, तरी या एका शब्दापायी बिचारीवर काठी पडते.

रानवाट : +१. आणि ‘पाल’ लिहायला कचरू नका. भिंत चढता येते म्हणून कुणी पाल होत नाही. घरातल्या पालीच्या बोटांखाली आडव्या पट्ट्यांच्या गाद्या असतात, त्यावर अतिसूक्ष्म केस, म्हणून ती छताला चिकटते. तुमच्या फोटोतली बोटं मोठी करून बघा : सडपातळ, सांध्यात वाकलेली, टोकाला नखी. गादी नाहीच. पण पालींच्या वंशात या गाद्या अनेकदा आल्या आणि अनेकदा गेल्या, त्यामुळे नुसत्या बोटांवरून नातं ठरत नाही.

गंमत म्हणजे जुन्या शास्त्रज्ञांनी नावं बोटांवरूनच दिली. घरातली पाल हेमिडॅक्टिलस, म्हणजे ‘अर्धबोटी’. तुमच्या पालीचं वर्णन आल्बर्ट ग्युंथरने 1864 मध्ये केलं ते गिम्नोडॅक्टिलस, ‘उघडबोटी’ म्हणून. पुढे ती गेकोएला या वेगळ्या प्रजातीत गेली. मग डीएनए तपासल्यावर कळलं, की हा गट सर्टोडॅक्टिलसच्याच पोटातला आहे. आता गेकोएला उपप्रजाती म्हणून उरली. सर्टोडॅक्टिलस म्हणजे ‘वाकबोटी’, आणि तीनशेहून जास्त जातींचं हे खटलं आहे. (प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं दोन्हींची सर्रास खिचडी करतात, तक्त्यात तरी नको.)

गोदाकाठ : एकाने ही बिबटी पालीचं पिल्लू असेल असंही सांगितलं.

रानवाट : शंकेची पाल चुकचुकणं रास्त आहे! बिबटी पालीच्या पिल्लांच्या अंगावर ठिपके नसून रुंद पट्टेच असतात, मोठेपणी ते मोडून ठिपके होतात. बोटांना गादी तिलाही नाही. पण डोळा बघा. बिबटी पालीला हलणाऱ्या पापण्या असतात, ती डोळे मिटते. तुमच्या पालीच्या डोळ्यावर पारदर्शक पडदा आहे, पापणी नाही. ती जिभेने डोळा चाटून साफ करते. या पापणीवाल्यांचं कुळच वेगळं, युब्लेफॅरिडी. त्यातली सातपुड्यातली जात वेगळी म्हणून 2014 मध्ये नोंदली गेली.

पंचवटीकर : प्राणिशास्त्रातलं मला कळत नाही, शब्दाचं बोलतो. संस्कृतात ‘पल्ली’ आहे, पंचांगातलं ‘पल्लीपतन’ त्याच्यावरूनच. तिला घरातली म्हणायचं असेल तर ‘गृहगोधिका’ असा निराळा शब्द आहे. तेव्हा पाल म्हणजे घरातलीच, हा आग्रह शब्दाचा नाही, आपल्या भिंतींचा आहे. ‘भू’ लावून संस्कृत समास मात्र करू नका, ‘भूपाल’ होईल. मग दगडाखालून राजाच निघायचा.

मखमलाबादकर : 😂 आणि सकाळी भूपाळी!

पंचवटीकर : म्हणून ‘भुई’ घ्या. भुईमूग, भुईकोट, भुईनळा, भुईआवळा, मराठीला हा जोड पाठ आहे. ‘भुईपाल’ पोराला समजावून सांगावं लागणार नाही. इंग्रजीतला पालीचा शब्द घेऊन ‘भूचर गेको’ केलं, तर ते सरकारी पाटीसारखं वाटतं.

रानवाट : भुईपाल चालेल, पण एकट्याने नाही. हेमिडॅक्टिलसमध्येही जमिनीवर राहणाऱ्या जाती आहेत, रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस घ्या. उद्या तिचाही तक्ता निघेल. ‘दख्खनी भुईपाल’ लिहा आणि खाली शास्त्रीय नाव द्या. ‘पट्टेरी’ नको, बिबटीच्या पिल्लाशी परत घोळ होईल.

गोदाकाठ : ठरलं, दख्खनी भुईपाल. अनेकवचन भुईपाली ना? आमच्या मुद्रितशोधकाने ‘भुईपालं’ केलंय.

पंचवटीकर : भुईपालीच. ती पाल, त्या पाली. ते पाल, ती पालं म्हणजे जत्रेत ठोकतात ते तंबू.