हाउलच्या घरी राहून आलेल्यांनो, तुमचा अनुभव लिहा

घर बदलताना खोक्यातून डायना विन जोन्स यांची ‘हाउल्स मूव्हिंग कासल’ निघाली. सामान लावायचं राहिलं बाजूला, मी फरशीवरच बसकण मारली आणि दोन दिवसांत पुस्तक संपवलं. ही माझी चौथी खेप. कादंबरी १९८६ची. तिला तेव्हा मोठं पारितोषिक मिळालं नव्हतं; वीस वर्षांनी, २००६ मध्ये, फिनिक्स पुरस्कार मिळाला. तो असतोच मुळी अशा पुस्तकांसाठी, जी आली तेव्हा मागे राहिली आणि पुढे टिकली.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. इंगरी नावाच्या देशात तीन बहिणी असतात. थोरली सोफी टोप्यांच्या दुकानात शिवत बसलेली असते. उजाड माळावरची चेटकीण तिला शाप देऊन म्हातारी करते. सोफी घर सोडते आणि हाउल नावाच्या जादूगाराच्या चालत्या किल्ल्यात शिरून तिथली कामवाली होऊन बसते. घरात शिकाऊ पोरगा मायकेल आणि चुलीत राहणारा अग्निराक्षस कॅल्सिफर. रक्ताचं नातं कुणाचं कुणाशीच नाही, पण पुस्तक मिटताना वाटतं की आपण एका कुटुंबात राहून आलो.

माझं मत आधीच सांगून टाकते. या पुस्तकात हसू येतं ते जादूपेक्षा घरकामामुळे. कोळिष्टकं, न्हाणीघरातल्या बाटल्या, कॅल्सिफरला दमात घेऊन डोकं खाली करायला लावणं आणि वर तवा ठेवणं. तुम्ही कुठे हसलात, कुठे अडखळलात, कुणाला वाचून दाखवलंत? सविस्तर लिहा. शेवट उघड झाला तरी चालेल.

सांगलीहून

मी थोरली. पाठीवर दोन बहिणी. पहिल्याच पानावर लेखिका सांगते की इंगरीत तीन भावंडांत थोरलं जन्मणं हे दुर्दैव, कारण नशीब काढायला निघालं की सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट तोंडावर आपटायचं ते थोरल्यानेच. आपल्या कहाण्यांतही धाकटी सून, धाकटा राजपुत्र हेच जिंकतात. लहानपणी श्रावणात आजी सांगायची तेव्हा मला मनातून राग यायचा. माझ्या बाजूने बोलणारी गोष्ट मला पहिल्यांदा भेटली ती ही, आणि तेव्हा मी चौतीस वर्षांची होते.

सोफी दुर्दैव मुकाट्याने मान्य करते, टोप्यांशी बोलत बसते. म्हातारी झाल्यावर मात्र तिची जीभ सुटते! आता कोण काय म्हणेल याची भीतीच संपली. मी ते वाचताना हसत होते आणि डोळे भरून येत होते. सावत्र आई फॅनीचंही तसंच. फॅनी तुला फुकट राबवते, असं धाकटी बहीण मार्था सोफीच्या मनात भरवते आणि आपणही ते धरून चालतो. शेवटी तीच फॅनी म्हाताऱ्या सोफीला ओळखते आणि गळ्यात पडून रडते. सावत्र आईला इतक्या मायेने वागवणारी परीकथा मी दुसरी वाचलेली नाही.

ठाण्याहून, साडेआठ वर्षांच्या मुलीची आई

आम्ही रोज रात्री एक प्रकरण घेतो. इंग्रजी समोर ठेवून मी तोंडी मराठी करत जाते. सुरुवात ‘आटपाट नगर होतं’ अशी केली आणि इंगरी तिथेच आमची झाली.

सगळ्यात गाजलं ते हिरव्या चिकट्याचं प्रकरण. सोफी न्हाणीघर साफ करताना हाउलच्या बाटल्या-पुड्या इकडच्या तिकडे करते, त्यामुळे त्याचे केस तांबूस होतात, त्यात गुलाबीची पुसट झाक. माणूस आक्रोश करतो, खुर्चीत बसतो आणि अंगातून हिरवा बुळबुळीत चिकटा पाझरू लागतो. तो चुलीपर्यंत पोचतो, कॅल्सिफर विझायची वेळ येते. मायकेल सांगतो की मागे एका मुलीने नाकारलं तेव्हाही यांनी हेच केलं होतं. मी ‘शेंबडासारखा’ म्हटलं आणि लेक पलंगावरून खाली घसरली. मग तिने विचारलं, “एवढा मोठा माणूस असं का करतो?” मी म्हटलं, तूही परवा वेणी मनासारखी झाली नाही म्हणून शाळेत जायला तयार नव्हतीस. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, “पण मला सोफी ओरडली असती तर मी थांबले असते.” आणि खरंच, पुस्तकातही रडारड निस्तरते ती सोफीच.

एका शब्दाने मात्र मला आठवडाभर छळलं. कामाची वेळ आली की हाउल अलगद निसटतो, आणि इंग्रजीत त्यावरून त्याला एक गमतीचं नाव पडलंय. ‘हातावर तुरी देणारा’ अर्थाला अगदी चपखल, पण मुलांच्या तोंडी बसेना. ‘अंगचोर’ म्हणून पाहिलं, तर तो आळशी वाटायला लागला, आणि हाउल आळशी नाही. शेवटी लेकीनेच तोडगा काढला: ‘सटक्या’. आता आमच्या घरात दप्तर न आवरता पळणाऱ्याला हेच नाव आहे.

नागपूरहून

मला पुस्तक आवडलं नाही, आणि तेही इथे यावं म्हणून लिहितो. पहिले दोन-तृतीयांश मजेत गेले. मग शेवटच्या पन्नासेक पानांत सगळ्या गाठी एकदम सुटतात: कुत्रा कोण, बुजगावणं कुणाचं, राजपुत्र आणि जादूगार सुलिमान या दोघांचे तुकडे जोडून कुणाचं काय केलंय. मला मागे जाऊन दोनदा वाचावं लागलं. दुसरं म्हणजे हाउलचं मुलींच्या मागे लागणं. ती प्रेमात पडली की हा पसार होतो. पुस्तक हे विनोदाने घेतं, मला त्या मुलींचं वाईट वाटत राहिलं. बहीण लेटीच्या बाबतीत सोफी त्याच्यावर चिडते, ते मला सगळ्यात खरं वाटलं.

कार्डिफहून

नागपूरकरांचं शेवटाबद्दलचं म्हणणं मान्य. पण मी इथे वेल्समध्ये अकरा वर्षं राहतो, त्यामुळे माझं हसू भलत्याच जागी फुटलं.

या पुस्तकावरचा जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा २००४चा चित्रपट मी आधी पाहिला होता. किल्ल्याच्या दाराला चार रंगांची मूठ आहे; जो रंग खाली करावा, त्याप्रमाणे दार वेगळ्या ठिकाणी उघडतं. चित्रपटात काळा रंग युद्धाच्या अंधारात उघडतो. पुस्तकात काळा रंग खाली केला की थेट वेल्स! सगळ्या राज्याला धाक असलेल्या जादूगाराचं खरं नाव हॉवेल जेंकिन्स, अंगात वेल्श रग्बीचं जाकीट, आणि समोर बहीण मेगन. ती त्याला झाडते: एवढं शिक्षण घेतलंस, त्याचं काय केलंस? भाचा नील संगणकावरच्या खेळातून मान वर करत नाही. सोफी आणि मायकेल मोटारीत बसून हादरलेत. हे वाचताना मला आमच्या साताऱ्याच्या घरचा दिवाणखाना दिसला. बाहेर माणूस कितीही मोठा झाला तरी थोरल्या बहिणीपुढे तो “तू अजून तसाच” असतो. चित्रपट सुंदर आहे, मी तो अनेकदा पाहिलाय, पण त्यात मेगन नाही. धाकटी मार्थाही नाही. म्हणजे हाउलचं माहेर कापलं आणि सोफीचं अर्धं.

आणखी एक. कॅल्सिफर चुलीत एक गाणं गुणगुणतो. सोफीला शब्द कळत नाहीत, पातेल्याचं काहीतरी आहे एवढंच उमगतं. ते ‘सॉस्बन वाख’, म्हणजे ‘छोटं पातेलं’. लानेथ्लीच्या रग्बीवाल्यांचं हे लाडकं गाणं इथे सामन्याला हजारो लोक एका सुरात म्हणतात. पहिल्यांदा ते मैदानात ऐकलं तेव्हा मी शेजारच्याला कॅल्सिफर समजावून सांगत होतो. लेखिकेचं वडिलांकडचं घराणं वेल्श, आणि १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर पाच वर्षांच्या डायनाला वेल्समध्ये आजोळी नव्हे, आजोबांच्या, म्हणजे वडिलांच्या वडिलांच्या घरी धाडलं होतं. कानावर पडणारी आणि न कळणारी ती भाषा या गाण्यात उतरली असावी, असं मला वाटतं. मेगनच्या फाटकावर ‘रिव्हेंडेल’ अशी पाटी आहे, तीही बघा; ते नाव टोल्किनच्या कादंबऱ्यांतल्या एका ठिकाणाचं. लेखिका ऑक्सफर्डला टोल्किनच्या व्याख्यानांना बसलेली होती.

कोल्हापूरहून, इंग्रजीची प्राध्यापिका

जॉन डन यांची तुटता तारा झेलायला सांगणारी कविता मी दर वर्षी शिकवते. कवीच्या मृत्यूनंतर १६३३ साली छापलेल्या संग्रहातली ही कविता. अशक्य कामांची यादी देत ती एकनिष्ठ सुंदर स्त्री सापडणंही अशक्य असं म्हणते. कादंबरीत हा नीलचा गृहपाठ आहे. कागदांची अदलाबदल होते आणि बिचारा मायकेल कविता हाच मंत्र समजून दलदलीत खरोखर तारा पकडायला धावतो. पुढे तीच कविता हाउलचा शाप ठरते, ओळीमागून ओळ खरी होत जाते. आता मी वर्गात कविता उघडण्याआधी ते प्रकरण वाचून दाखवते. अशक्य कामांची यादी हा काव्यप्रकार आहे, हे मुलांना मग वेगळं सांगावं लागत नाही.

पुण्याहून

माझं वय ६८. शापानंतर सोफीचे सांधे कुरकुरतात, छातीत धडधडतं, उठताना काठी लागते, आणि तरी ती खराटा हातात घेते. म्हातारपण पुस्तकांत बहुधा करुण असतं किंवा शहाणं असतं. इथे ते दुखतं आणि तिरसटही आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे मी घरात होते, तेव्हा नातवाने हे हातात दिलं. सोफी काठीशी बोलते तशी मीही वॉकरशी बोलायला लागले होते. तिच्या बोलण्याने वस्तूंत जीव येतो हे पुढे कळलं, तेव्हा फार आनंद झाला.

ठाण्याहून, पुन्हा

पुढचे भाग कुणी वाचलेत का? १९९०च्या दुसऱ्या भागात नायक गालिचे विकणारा अब्दुल्ला आहे, आणि आमची लेक रोज विचारत होती, “सोफी कधी येणार?” ती येते, पण फार उशिरा. २००८चा तिसरा भाग तिला जास्त रुचला. त्यात हाउल बोबडं बोलणाऱ्या गोंडस मुलाचं रूप घेऊन वावरतो आणि सोफी, कडेवर खरं मूल घेऊन, संतापते.

नाशिकहून

आमच्या सोसायटीत रविवारी मुलांचं वाचन असतं, दहा-बारा पोरं जमतात. पुस्तकाच्या सुरुवातीला लेखिकेने लिहिलंय की ही कल्पना एका शाळेतल्या मुलाची. तिने शाळेला भेट दिली तेव्हा त्याने चालत्या किल्ल्यावर पुस्तक लिहायला सांगितलं. तिने त्याचं नाव लिहून घेतलं आणि इतकं जपून ठेवलं की नंतर सापडेचना. तिने त्या मुलाचे आभार मानलेत.

हे वाचून झाल्यावर मी पुढे सरकणार तोच सातवीतला एक मुलगा म्हणाला, “काकू, तो आता मोठा झाला असेल. त्याला माहीत असेल का?” सगळे गप्प झाले. मग एकेकाने त्या मुलाची नावं सुचवायला सुरुवात केली, आणि त्या रविवारी पहिलं प्रकरण सुरूच झालं नाही.