तांदळाच्या पाकिटावर आणि भावफलकावर भौमितिक वळणाचा फॉन्ट चालेल का?

प्रश्न (साकोली तालुका, जि. भंडारा)

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या तांदळाच्या पाकिटांसाठी, धान खरेदीच्या भावफलकासाठी आणि सभासदांच्या मासिक माहितीपत्रकासाठी एकच फॉन्ट असावा, असे संचालकांचे मत आहे. मला पॉपिन्स हा फॉन्ट आवडतो. त्यातील मराठी आणि इंग्रजी अक्षरे एका घरची वाटतात. परंतु कंपासने काढल्यासारखी ही एकसारख्या जाडीची अक्षरे वयस्क सभासदांना सहज वाचता येतील का?

उत्तर (वर्धा)

या शैलीतील चांगली अक्षरे केवळ कंपासने कधीच काढलेली नसतात. पॉल रेनर यांचा फ्युचुरा हा फॉन्ट १९२७ साली जर्मनीत बाजारात आला. तो वर्तुळ आणि त्रिकोणांतून घडल्यासारखा दिसतो. तरीही गोलाई जिथे उभ्या रेषेला मिळते तिथे रेषा बारीक केलेली आहे, नाहीतर त्या सांध्यात काळा डाग दिसला असता. गोल अक्षरेही रेषेबाहेर किंचित डोकावतात, कारण नेमक्या मापात ठेवली तर ती शेजारच्या अक्षरांपेक्षा लहान भासतात. इंडियन टाइप फाउंड्रीच्या पॉपिन्समध्येही सांध्यांवर अशीच दुरुस्ती आहे. त्याची देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी घडवली असून, देवनागरी अक्षरांची उंची रोमन लिपीतील उंच दांड्यांच्या अक्षरांशी जुळवलेली आहे. आपल्याला जाणवलेला मेळ त्यातून येतो.

देवनागरीत मात्र हे काम अधिक अवघड आहे. आपल्या अक्षरांची जाड-बारीक रेषा बोरूच्या तिरक्या कापातून आली. ती काढून टाकली की डोळ्याला अक्षर ओळखण्याची एक खूण कमी होते. म्हणून पाकिटावरील नावासाठी पॉपिन्स अवश्य घ्यावा, पण माहितीपत्रकाच्या सलग मजकुरासाठी तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (लाखनी, छपाई व्यवसाय)

वरील मताशी सहमत आहे. भावफलकाबाबत एक गोष्ट आवर्जून तपासावी. ‘ध’ आणि ‘घ’, तसेच ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक मुख्यतः शिरोरेषेतील छोट्या फटीवर टिकून असतो. फॉन्टमधील सर्वांत जाड अक्षरे निवडली, त्यात फ्लेक्सवर शाई पसरली, की ती फट बुजते आणि ‘धान’ लांबून ‘घान’ वाचले जाते. त्यामुळे फलकासाठी मध्यम जाडी घ्यावी आणि अक्षरे मोठी करावीत. जाडी वाढवून वाचनीयता वाढत नाही. पाकिटावरील बारीक मजकूर, म्हणजे निव्वळ वजन, किंमत आणि पॅकिंगची तारीख, प्रत्यक्ष आकारात त्याच प्लॅस्टिकवर छापून पाहिल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नये. पडद्यावर सगळेच स्वच्छ दिसते.

माहितीपत्रकासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट पाहावा. तोही विनामूल्य आहे आणि लहान आकारात निवांत वाचता येतो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मग नाव आणि फलक पॉपिन्समध्ये, माहितीपत्रक मुक्तमध्ये, असा प्रस्ताव मांडतो. संगणकावर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात, त्यावर काही उपाय आहे का?

उत्तर (वर्धा)

मजकूर निवडून त्याची भाषा ‘मराठी’ करावी. फॉन्टमध्ये मराठी वळण दिलेले असेल आणि सॉफ्टवेअरला ती सोय असेल, तर अक्षरे आपोआप बदलतात. छपाईला देण्यापूर्वी पीडीएफमध्ये ‘शेतकरी’ हा शब्द मोठा करून पाहावा. ‘श’ची गाठ आणि जोडीला ‘कोलम’ हे तांदळाचे नाव लिहिले असल्यास त्यातला ‘ल’ लगेच डोळ्यांत भरतो.