छंदासाठी अँड्रॉइड की अ‍ॅपल? तुमचे अनुभव लिहा

षड्जपंचम
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बाबांचा आयपॅड २ खाली आला. ३० पिनांची ती रुंद केबल घरात मिळेना, शेवटी तपकीर गल्लीतल्या एका दुकानात सापडली. रात्रभर चार्जिंगला ठेवला आणि सकाळी उघडला तर बाबांनी अ‍ॅपमध्ये काळी एकच्या सुरात लावून ठेवलेला तानपुरा तस्साच सुरू झाला. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. कितीतरी वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

हा आयपॅड आयओएस ९ च्या पुढे जात नाही, म्हणूनच ते अ‍ॅप अजून चालतं. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटची जुनी अ‍ॅप नव्या यंत्रांवर चालेनाशी झाली. ज्यांच्या कर्त्यांनी नवी आवृत्ती काढली ती तगली, बाकीची गेली. हेही त्यातलंच.

बाबांनी हा घेतला तो फक्त तानपुऱ्यासाठी. दुसरा काही उपयोग त्यांनी केल्याचं मला आठवत नाही. आता भाची गाणं शिकायला लागली आहे, तिच्यासाठी टॅब घ्यायचा आहे. दुकानात प्रोसेसर सांगतात, मेगापिक्सेल सांगतात, पण "कशासाठी हवाय" हे कोणी विचारत नाही. मला बाबांचीच पद्धत पटते: आधी छंदाचं अ‍ॅप ठरवायचं, मग ते जिथे नीट चालेल ते यंत्र घ्यायचं. तुम्ही कुठल्या छंदासाठी काय घेतलंत? आणि ते किती टिकलं?

बावधनकर
काळी एक आणि ते दार... बास. सकाळी सकाळी रडवलंत ताई.

वेताळटेकडी
पक्षीनिरीक्षणासाठी हा प्रश्न जवळजवळ नाहीच. पक्षी ओळखायला मर्लिन आणि नोंदी ठेवायला ई-बर्ड, दोन्ही कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेची, दोन्ही फुकट, दोन्हीकडे आहेत. मर्लिनचा भारतातल्या पक्ष्यांचा पॅक मात्र घरी वायफायवर उतरवून मगच निघा. पाषाण तलावावर उभं राहून उतरवायला लागलात तर तोवर पक्षी उडून जातो.

मी अँड्रॉइड वापरतो, बायको आयफोन. आवाजावरून ओळखायचं जे आहे त्यात तांबट, शिंजीर, बुलबुल दोन्ही फोन पटापट सांगतात. आमच्याकडे फरक पडतो तो कोणाचा फोन पक्ष्याच्या दिशेने धरलाय आणि कोण मध्येच बोललं यावरून. एक कळकळीची विनंती, अ‍ॅपने नाव सुचवलं म्हणून लगेच ई-बर्डच्या यादीत टाकू नका. ती माहिती अभ्यासक वापरतात. आधी पक्षी बघा, नाहीतर आवाजाची स्वतः खात्री करा, मग लिहा.

मुळामुठा
कवडीच्या नदीकाठी चक्रवाक आले का हो? गेल्या आठवड्यात जायचं राहिलं.

वेताळटेकडी
आले आहेत. रविवारी पहाटे आम्ही जातोय, या.

सुईदोरा
माझा छंद क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीच्या टाक्याचं भरतकाम. माझ्यासाठी अँड्रॉइड, आणि कारण एकच, पॅटर्न कीपर हे अ‍ॅप. मी घेतलं तेव्हा ते फक्त अँड्रॉइडवर होतं. मुलगा म्हणत होता आई आयपॅड घे, त्याला म्हटलं तू घे, मला हे हवंय. चार्टची पीडीएफ उघडायची, एका रंगाच्या चिन्हावर बोट ठेवलं की त्या रंगाचे सगळे टाके उजळतात. झालेले टाके खोडत जायचं. पूर्वी मी चार्टच्या झेरॉक्सवर पिवळ्या हायलायटरने खुणा करायचे, मोठ्या चित्राला कागद चिकटवून चिकटवून सतरंजी व्हायची. आयपॅडवाल्या मैत्रिणी मार्कअप आर-एक्सपी वापरतात, त्याही खूश आहेत.

परदेशी चार्टवर डीएमसी कंपनीच्या दोऱ्यांचे नंबर असतात, आपल्याकडे सहज मिळतात अँकर कंपनीच्या लड्या. तक्ता बघून बदलून घ्यायचे, पण त्वचेच्या छटांना तक्त्यावर विसंबू नका. लडी हातात घेऊन उजेडात बघा. मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन बघूनच घेते.

टाकाधागा
काकू, तुमचं काम बघायला मिळेल का? फोटो टाका ना.

सुईदोरा
टाकते गं, कुकर लावलाय.

तोरणा_राजगड
डोंगरवाल्यांनी हे नक्की वाचा.

एक. फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं. सिमवाल्यात असतं. वायफायवाला आजूबाजूची वायफाय नेटवर्कं बघून जागेचा अंदाज बांधतो, आणि रायलिंगच्या पठारावर कुठलं आलंय वायफाय? नकाशा उघडेल, तुमचा ठिपका दिसणार नाही. बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये बिनसिमच्यातही जीपीएस असतं, पण खोक्यावर वाचून घ्या.

दोन. अँड्रॉइडचे काही फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप परस्पर बंद करतात. आमच्यातल्या एकाचा कात्रज ते सिंहगडचा रात्रीचा ट्रॅक, म्हणजे फोनने नोंदलेली वाट, बघा, मधली टेकडीच गायब, सरळ रेघ. माणूस दरीवरून उडत गेल्यासारखा. फोन कुठला ते लिहीत नाही, सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपची बॅटरीची बंधनं काढली की बहुतेक वेळा सुटतं. पण हे ट्रेकच्या आधी घरी करायचं, आणि टेकडीवर एक फेरी मारून तपासायचं.

मी ओस्मअँड वापरतो, दोन्हीकडे आहे. नकाशे ऑफलाइन, ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या नकाशाचे. ट्रॅक जीपीएक्स फाइलमध्ये ठेवा म्हणजे उद्या फोन बदलला तरी तुमचे सगळे किल्ले तुमच्याबरोबर येतात. छंद वीस वर्षं चालतो, फोन चालत नाही.

मुळामुठा
रायलिंगला परवा गेलो होतो. लिंगाणा समोर असा उभा! गर्दी फार वाढली आहे पण.

तोरणा_राजगड
शनिवार-रविवार सोडून जायचं दादा.

रेघोट्या
चित्रकला. इथे मात्र माझं उत्तर आयपॅड, प्रोक्रिएट या चित्रांच्या अ‍ॅपमुळे. २०११ पासून आहे, टास्मानियातली कंपनी, एकदाच पैसे द्यायचे, वर्गणी नाही. अँड्रॉइडवर नाही. जेश्चर, म्हणजे बोटांच्या खुणा, इतके हातात बसलेत की दोन बोटं टेकवून मागे जायची सवय मला कागदावर चित्र काढतानाही आठवते.

पण परवडण्याचं बोलू. अ‍ॅपलची पेन्सिल वेगळी घ्यावी लागते, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. यूएसबी-सीवाली स्वस्त पेन्सिल दाब ओळखत नाही. म्हणजे जोरात दाबलं म्हणून रेघ जाड होत नाही. नोट्स काढायला छान, चित्राला नाही. दहाव्या पिढीच्या आयपॅडला दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालत नाही, पहिल्या पिढीची अ‍ॅडॅप्टर लावून चालते. दुकानात जाताना मॉडेल लिहून न्या आणि तिथेच रेघ मारून बघा.

माझ्या क्लासमधली एक मुलगी गॅलॅक्सी टॅब एस६ लाइटवर काम करते. पेन खोक्यातच येतं आणि ते दाब ओळखतं. चित्रांच्या अ‍ॅपपैकी क्रिता फुकट आहे, क्लिप स्टुडिओ दोन्हीकडे आहे. तिची ओतूरच्या आजोळची चित्रं बघितली तर कुणी विचारणार नाही टॅब कुठला म्हणून. बजेट कमी असेल तर मी मुलांना हेच सांगते, बिनदाबाच्या पेन्सिलीपेक्षा हे घ्या.

बावधनकर
हे आधी वाचायला हवं होतं, लेकीच्या वाढदिवसाला यूएसबी-सीवालीच आणणार होतो. उद्याचं जाणं रद्द. धन्यवाद ताई.

लोकलट्रेन
मी कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या म्युझियममध्ये लहानपणी गेलो आणि तिथेच अडकलो. आता घरी एचओ प्रमाणाचा, म्हणजे १:८७ चा, रुळांचा छोटा लेआउट आहे. गाड्या फोनवरून चालवतो. लॅपटॉपवर गाड्या चालवायचं जेएमआरआय, त्याच्याशी वायफायने फोन जोडायचा. अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर, आयफोनवर वायथ्रॉटल. मजा अशी की दोन्ही एकच भाषा बोलतात, त्यामुळे माझ्या फोनवरून एक इंजिन आणि पुतण्याच्या आयफोनवरून दुसरं, एकाच रुळावर. कुणालाच फोन बदलायला लागला नाही. मी तर घरातला जुना, काच तडकलेला अँड्रॉइड फोन कायमचा त्या लेआउटलाच देऊन टाकला आहे. छंदाला जुनं यंत्र वाहून टाकावं, सुखात राहतं.

टाकाधागा
अय्या, ते म्युझियम! रात्र होते आणि सगळे छोटे दिवे लागतात ते! माझ्या भावाने तिथून निघताना भोकाड पसरलं होतं.

अनाघात
ताई, मी तबला आणि सिंथेसायझर दोन्ही वाजवतो, तानपुऱ्याचं शेवटी लिहितो.

वाजवायच्या अ‍ॅपमध्ये सगळा खेळ उशिराचा असतो. बोट पडलं आणि आवाज आला यात किती वेळ गेला. आयफोन-आयपॅडवर हे पहिल्यापासून चांगलं आहे, गॅरेजबँड तर फुकट मिळतं. अँड्रॉइडवर बरीच वर्षं वाईट होतं. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर एऑडिओ ही आवाजाची नवी सोय आली तेव्हापासून सुधारलं, पण फोनागणिक फरक पडतो. कुठलंही घ्या, ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका. लयीत बसतच नाही, आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलाच हात चुकतोय. वायरचा हेडफोन लावा. एका मुलाचं असंच झालं होतं, बिचारा तबला सोडायच्या विचारात होता. वायर लावली आणि तिसऱ्या मिनिटाला हसायला लागला.

आता तानपुरा. त्याला उशिराची अडचण नाही, तो आपला एकसारखा झंकारत राहतो. आयतबला प्रो आधी आयफोनचं होतं, नंतर अँड्रॉइडवरही आलं. तानपुरा ड्रॉइड अँड्रॉइडवर आहे. म्हणजे भाचीसाठी दोन्ही दारं उघडी आहेत. बघायचं ते स्पीकरचं. खर्जाचा सूर टॅबच्या स्पीकरमधून जेमतेम येतो, छोटा वेगळा स्पीकर जोडा. तानपुऱ्यासाठी ब्लूटूथवालाही चालेल.

आणि रियाजाच्या टॅबमध्ये सिम घालू नका. डोळे मिटून षड्ज लावलाय आणि मध्येच बँकेचा फोन. पुन्हा तो सूर मनात बसायला वेळ लागतो.

षड्जपंचम
अनाघात, हे कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांच्या आयपॅडलाही सिम नव्हतं, त्यांनी ते मुद्दाम केलं असेल का? आईला विचारते.

ध्रुवतारा
आकाशदर्शन. स्टेलेरियम, स्कायसफारी दोन्हीकडे आहेत. स्वस्त अँड्रॉइड फोन घेताना फोनचं फिरणं ओळखणारा जायरोस्कोप आहे ना बघा, नसला तर फोन फिरवल्यावर आकाश नीट फिरत नाही, झटके घेतं. होकायंत्र चुकत असेल तर हवेत आठाचा आकडा काढा. आणि टॅबचं चुंबकवालं कव्हर काढून ठेवा! तारे दहा-वीस अंश सरकलेले दिसायचं ते कारण असतं. लाल पडद्याचा मोड चालू ठेवा, नाहीतर शेजारचे ओरडतात. बरोबरच आहे त्यांचं, डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या स्क्रीनने सगळं जातं.

पुण्यात राहून हा छंद लागला असेल तर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊन या. १९४४ पासून आहे. अ‍ॅपपेक्षा तिथली माणसं जास्त शिकवतात.

पेठेतला_मुक्तस्रोत
अँड्रॉइडचा माझ्या दृष्टीने मोठा फायदा म्हणजे एफ-ड्रॉइड. ओस्मअँड, पॉडकास्टचं अँटेनापॉड अशी मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली अ‍ॅप तिथून घेता येतात, जाहिराती नाहीत. छंदाची अ‍ॅप बरेचदा एकटादुकटा माणूस प्रेमाने लिहितो. त्याने काम थांबवलं तरी मुक्तस्रोत असेल तर दुसरं कोणी पुढे नेऊ शकतं. षड्जपंचम ताईंच्या बाबांच्या तानपुऱ्याचं जे झालं ते टळू शकतं.

रेघोट्या
पटलं. तरी आवडत्या अ‍ॅपचे पैसे द्यावेत असंही मला वाटतं. तो एकटा माणूस जगला पाहिजे.

पेठेतला_मुक्तस्रोत
शंभर टक्के. मी देणगी देतो.

हडपसरची_माई
पैशांवरून आठवलं. विकत घेतलेलं अ‍ॅप इकडून तिकडे जात नाही, बाजू बदलली की पुन्हा पैसे. आमच्या घरात सगळे आयफोनवाले, म्हणून मी आयपॅड घेतला. अ‍ॅपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये सहा जणांत बरीच अ‍ॅप एकदाच घेऊन चालतात. गूगलकडेही कुटुंबाची सोय सहा जणांचीच आहे. त्यामुळे घरात जास्त लोक ज्या बाजूला, त्या बाजूला जावं. आणि अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये २०२२ मध्ये आपली कार्डं चालेनाशी झाली, तेव्हापासून आम्ही यूपीआय नाहीतर अ‍ॅपल आयडीत शिल्लक टाकून घेतो. आमच्या ह्यांनी अर्धी दुपार कार्डाशी झटापट केली तेव्हा नातवाने सांगितलं.

टाकाधागा
सुईदोरा काकू, कुकर झाला असेल तर फोटो! आणि माझ्याकडे एका जुन्या मासिकातल्या चार्टचा फोटो आहे, तो पॅटर्न कीपरमध्ये चालेल का?

सुईदोरा
फोटो टाकलाय बघ, मोर आहे, शेपूट अजून बाकी आहे. फोटोतला चार्ट नाही चालायचा, त्याला चिन्हं वाचता येतील अशी पीडीएफ लागते. स्कॅन केलेली पण नाही. लहान चार्ट असेल तर संगणकावर हाताने भरून पीडीएफ काढता येते. मला पाठव, मी सांगते.

मुळामुठा
मोर झकास काकू! रविवारी कवडीला किती वाजता? मर्लिनचा पॅक उतरतोय आत्ता.

वेताळटेकडी
सव्वासहाला मगरपट्ट्याच्या चौकात. टोपी आणा, पाणी आणा.