जेसन अवकाशात गेला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

धागाकर्ता
‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या भयपटांच्या मालिकेचा दहावा भाग, ‘जेसन एक्स’. तळ्याकाठच्या कॅम्पात पोरापोरींना कापत सुटलेला हॉकीच्या मुखवट्यातला जेसन गोठवला जातो आणि थेट २४५५ साली एका यानावर जागा होतो. अमेरिकेत एप्रिल २००२ मध्ये लागला, समीक्षकांनी धू धू धुतला. तुम्ही कुठे, कोणाबरोबर पाहिलात आणि अवकाश पटलं का, ते लिहा. ‘असले पिच्चर बघताच कशाला’ हा प्रतिसाद नको.

आधी माझं. रात्री केबलवर, आवाज बारीक करून, कारण आतल्या खोलीत आजी. सुरुवातीलाच डेव्हिड क्रोननबर्ग दिसला आणि मी ताठ बसलो. ‘द फ्लाय’चा दिग्दर्शक, आणि इथे जेसनच्या हातून मरायला आलाय! दिग्दर्शक जिम आयझॅक त्याच्याच सिनेमांच्या इफेक्ट्सवर काम केलेला, हे नंतर कळलं.

गोठ्यातला डॉक्टर
पशुवैद्यक आहे, त्यामुळे माझा अनुभव एकाच दृश्याचा. जेसन त्या मुलीचं तोंड द्रव नायट्रोजनमध्ये दाबतो, काही सेकंदांत बाहेर काढून ओट्यावर आपटतो, चेहऱ्याच्या ठिकऱ्या. हॉस्टेलवर सगळे किंचाळलो होतो.

आता रोज त्याच नायट्रोजनशी गाठ. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच, उणे १९६ अंशांवर ठेवतो. कांडी काढताना हातावर थेंब उडाला तर तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखा घरंगळून जातो. त्याच्या मानाने आपली कातडी इतकी गरम, की मध्ये वाफेचा थर तयार होतो आणि तो थोडा वेळ थंडी अडवतो. मोज्यात किंवा बुटात शिरला तर मात्र वाईट भाजतं. तेव्हा त्या मुलीची कातडी गेली असती हे खरं, पण कवटीसकट डोकं ठिसूळ व्हायला सिनेमात दाखवलाय त्याच्या कितीतरी पट वेळ लागेल. तरी कंटेनरचं झाकण काढलं, पांढरा धूर आला, की मला तीच आठवते. डॉक्टर का हसतायत, हे म्हशीच्या मालकाला काय सांगणार?

फक्त वाचक
आईबरोबर पाहिला. यावर अधिक बोलणार नाही.

जर्सीकर
न्यू जर्सीत राहतो. १९८० चा पहिला भाग इथेच, ब्लेअर्सटाउनच्या आसपास चित्रित झाला. सिनेमात दिसणाऱ्या डायनरमध्ये कॉफी पिऊन आलोय. तळ्याकाठचा कॅम्प स्काउटांचा आहे, एरवी आत सोडत नाहीत. त्या बाजूच्या रस्त्याने संध्याकाळी गाडी चालवली की कळतं, भीती झाडांची होती. झाडं काढून घेतल्यावर यानाच्या बोळांत नुसता एक धिप्पाड माणूस उरतो. मला नाही पटलं.

रात्रपाळी
@जर्सीकर, तळं आहे की! जेसनला गुंतवून ठेवायला यानावरचे लोक आभासी क्रिस्टल लेक उभं करतात. दोन पोरी त्याला बिअर देऊ करतात, गांजा देऊ करतात, लग्नाआधीचं सगळं आपल्याला किती आवडतं ते सांगतात. आजवर ज्या ज्या गोष्टींपायी पोरं मेली, त्यांची यादीच. पुढच्या क्षणी तो एकीला स्लीपिंग बॅगेसकट उचलून दुसरीवर हाणतोय. सातव्या भागातल्या बॅगेच्या खुनाला हा सलाम, आणि दोन्हीकडे मुखवट्यामागे केन हॉडरच.

कॉल सेंटर सुटल्यावर मित्राच्या खोलीवर बघितला होता. या दृश्याला इतके हसलो की घरमालक वर आला. त्यालाही बसवला.

पंधरा पैसे
अवकाशच का, तर फ्रेडी (‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या भयपटांतला खुनी) आणि जेसनची लढत वर्षानुवर्षं कागदावर अडकली होती (आली २००३ मध्ये). तोवर जेसन विस्मरणात जाऊ नये म्हणून हा. दूर भविष्यात नेला की त्या लढतीच्या कथेला धक्का लागत नाही, हे डोकं लेखक टॉड फार्मरचं. यानावरच्या सैनिकांतला एक तोच, आणि स्वतःच लिहिलेल्या जेसनच्या हातून मरतो. बाकी ‘हेलरेझर’ १९९६ मध्ये आणि ‘लेप्रेकॉन’ १९९७ मध्ये, या दोन्ही भयपट मालिका चौथ्याच भागात अवकाशात पोचल्या होत्या. जेसनने दहाव्यापर्यंत दम धरला, हे जर्सीकरांनी मानावं.

घाटमाथा
मला केएम-१४ आवडते. ही यंत्रबाई जेसनच्या चिंधड्या उडवते, मग यानावरची सूक्ष्मयंत्रं त्याला धातूचा करून पुन्हा उभा करतात. तो एका ठोशात तिचं मुंडकं उडवतो, आणि मुंडकं आपलं बोलतच राहतं! कॉलेजातल्या लेकीला दाखवला. तिचं मत: “आई, मुखवटा जुनाच बरा होता.” आता विचारतेय, आधीचे नऊ बघायलाच हवेत का?

धागाकर्ता
@घाटमाथा, पहिला बघू दे, त्यात खुनी जेसन नाहीच, त्याची आई आहे. तिसरा मुखवट्यासाठी, सातवा बॅगेसाठी. आठव्यात तो न्यूयॉर्कला निघतो आणि निम्म्याहून जास्त पिच्चर बोटीवरच काढतो. तो परीक्षा झाल्यावर.